नवे संकेतस्थळ देखणे झाले, पण क्लायंटकडे येणाऱ्या चौकश्या घटल्या: चूक कुठे शोधावी?

कोरापान

नमस्कार. गेली सहा वर्षे मी लहान आणि मध्यम व्यवसायांसाठी संकेतस्थळे तयार करून देण्याचे काम स्वतंत्रपणे करतो. आजवरच्या कामांपैकी ज्याचा मला सर्वांत अधिक अभिमान वाटत होता, त्याच कामाने सध्या माझी झोप उडवली आहे, म्हणून हा धागा.

माझा क्लायंट कारखान्यांतील पंप आणि कॉम्प्रेसर यांची दुरुस्ती व देखभाल करतो. त्यांचे जुने संकेतस्थळ नऊ वर्षांपूर्वीचे होते: साठेक पाने, लांबलचक मजकूर, जागोजागी यंत्रांची कोष्टके आणि मोबाइलवर बोटांनी मोठी करून वाचावी लागणारी अक्षरे. ते मी मुळापासून नवीन केले. साठ पानांची बारा पाने केली, मजकूर निम्म्याहून कमी केला, मुखपृष्ठावर कार्यशाळेच्या उत्तम छायाचित्रांचा स्लायडर (एकामागून एक सरकणारी चित्रे) लावला आणि मेनू सुटसुटीत केला. मालकांना काम मनापासून आवडले व त्यांनी ठरलेला मोबदला वेळेत दिला.

या गोष्टीला आता साडेतीन महिने झाले. पूर्वी महिन्याला चाळीसच्या आसपास चौकश्या येत असत, त्या आता पंधरा-सोळावर आल्या आहेत. मालक अजून शांतपणे बोलतात, परंतु जुने संकेतस्थळ परत लावता येईल का, हे त्यांनी मला दोन वेळा विचारले आहे. चौकशीचा फॉर्म चालतो आहे आणि त्याचे ईमेल योग्य ठिकाणी पोहोचतात, एवढे मी तपासले आहे. बटणाचा रंग बदलावा की मुखपृष्ठावरचे वाक्य बदलावे, अशा विचारात मी दोन आठवडे घालवले, पण आपण अंधारात हात मारत आहोत हे मला कळते. अशा प्रसंगी तपासाला सुरुवात कोठून करावी, आणि क्लायंटला काय सांगावे, याविषयी अनुभवी सभासदांचे मत हवे आहे.

रेघोटी

बटणाच्या रंगाला तूर्त हात लावू नका. चौकश्या घटल्या, हे एक वाक्य झाले. त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत. संकेतस्थळावर येणारी माणसेच कमी झाली असतील, किंवा माणसे तेवढीच येत असून चौकशी न करता परत जात असतील, किंवा चौकश्या होत आहेत पण त्यांचा मार्ग बदलल्यामुळे (फॉर्मऐवजी थेट दूरध्वनी, उदाहरणार्थ) त्या मोजल्या जात नसतील. तिसरी शक्यता मालकांना एक प्रश्न विचारून निकाली निघते. पहिल्या दोन वेगळ्या करण्यासाठी गूगल सर्च कन्सोल (शोधातून कोणत्या पानावर किती लोक येतात हे दाखवणारे गूगलचे साधन) उघडा. त्यात मागील १६ महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या याच साडेतीन महिन्यांशी तुलना करता येईल. ती एकूण आकड्यांची न करता पानवार करा.

तुमच्या निवेदनातील ज्या वाक्यावर मी थबकलो, ते म्हणजे "साठ पानांची बारा पाने केली." उरलेल्या अठ्ठेचाळीस पत्त्यांचे काय झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही. नऊ वर्षांत त्या पानांना इतर संकेतस्थळांवरून दुवे मिळालेले असतात, लोकांनी ती जतन करून ठेवलेली असतात, आणि सर्च इंजिनला कोणत्या प्रश्नाला कोणते पान दाखवायचे हे ठाऊक झालेले असते. पत्ता बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ क्रमांकाचे, म्हणजे कायमस्वरूपी, रीडायरेक्ट (आपोआप वळण) लावले नाही तर ही सारी पुंजी ४०४ च्या, म्हणजे "पान सापडले नाही" सांगणाऱ्या, पानावर जाऊन संपते. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे हाही उपाय नव्हे, कारण जुन्या पानाचा विषय मुखपृष्ठावर नसेल तर गूगल त्या वळणाला "सॉफ्ट ४०४", म्हणजे पान नसल्यातच जमा, समजू शकते. प्रत्येक जुन्या पानाला त्याच विषयाचे जवळचे नवे पान मिळाले पाहिजे, आणि ही व्यवस्था किमान एक वर्ष तरी ठेवावी, असे गूगलचेच सांगणे आहे. वर्षानंतरही ती काढण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

जाता जाता एक गोष्ट तपासाच. नवे संकेतस्थळ तयार होत असताना ते शोधात दिसू नये म्हणून आपण "नोइंडेक्स" लावतो. ते काढायचे राहून गेले असेल, तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे. ही चूक मी स्वतः एकदा केली आहे आणि ती शोधायला मला अकरा दिवस लागले होते.

तळटीप

रेघोटी यांनी सांगितलेले आधी करावे, याविषयी दुमत नाही. पण समजा सगळे रीडायरेक्ट नीट लागले, तरी जुने पान ज्या प्रश्नाचे उत्तर देत होते ते उत्तर नव्या संकेतस्थळावर कुठे आहे? मजकूर निम्म्याहून कमी केला, हे तुम्ही सुधारणा म्हणून नोंदवले आहे. कोणता मजकूर गेला आणि तो कोण वाचत होते, हे पाहिल्याशिवाय त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

या व्यवसायाचा ग्राहक कोण, ते डोळ्यांसमोर आणा. कारखान्यातील देखभाल विभागाचा अभियंता आहे, कॉम्प्रेसर बंद पडला आहे, उत्पादन थांबले आहे आणि त्याच्या हातात मोबाइल आहे. आमच्या बनावटीचे यंत्र तुम्ही दुरुस्त करता का, सुटे भाग तुमच्याकडे असतात का, माणूस कधी येईल आणि आत्ता कोणाशी बोलायचे, एवढेच त्याला हवे आहे. त्याला कार्यशाळेची सरकती छायाचित्रे दिसतात, आणि त्यांवर बहुधा गुणवत्तेविषयी एखादे वाक्य असते, जे कोणत्याही व्यवसायाच्या संकेतस्थळावर तसेच चिकटवता येईल. तुम्हाला ओबडधोबड वाटलेली कोष्टके त्याच्या दृष्टीने साऱ्या संकेतस्थळातील सर्वांत मोलाची गोष्ट असण्याची शक्यता आहे, कारण त्यांत त्याच्या यंत्राचे नाव होते.

स्लायडरविषयी माझा पूर्वग्रह आहे, तो मान्य करतो. मात्र त्याला आधारही आहे. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील स्लायडरची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी अशी होती की, पानावर येणाऱ्यांपैकी जेमतेम एक टक्का लोक त्यावर क्लिक करत आणि त्या क्लिकांपैकी सुमारे ८४ टक्के पहिल्याच चित्रावर पडत. ते विद्यापीठाचे संकेतस्थळ आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू होतील असे नाही. तरीही चौथ्या चित्रात दडवलेली गोष्ट कोणी पाहत नाही, असे धरूनच चालावे.

माझी सूचना अशी की, क्लायंटच्या कार्यालयात दूरध्वनी घेणाऱ्या व्यक्तीला दोन आठवडे एक वही द्या आणि प्रत्येक ग्राहकाचे पहिले वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगा. पानांची शीर्षके त्या वाक्यांतून निघतील. आपण आणि क्लायंट मिळून "सर्वसमावेशक औद्योगिक उपाययोजना" असे काहीतरी ठरवतो, पण त्या शब्दांनी आजवर कोणी पंप दुरुस्त करणारा शोधला असेल असे मला वाटत नाही. लोक पडद्यावरचा मजकूर ओळीने वाचत नाहीत, शीर्षकांच्या आणि परिच्छेदांच्या आरंभीचे शब्द चाळत खाली जातात. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी नजरेच्या मागोव्यावरून २००६ मध्ये हे दाखवून दिले होते. म्हणून यंत्राचे नाव किंवा बिघाडाचे लक्षण शीर्षकाच्या सुरुवातीलाच आले पाहिजे.

फॉर्ममधील रकाने कमी करा, हा सल्ला तुम्हाला सर्वत्र मिळेल. तो बहुतेक वेळा बरोबर असतो. तुमच्या बाबतीत मात्र "यंत्राची बनावट" आणि "काय होत आहे" हे दोन रकाने मी आवर्जून ठेवीन, कारण ते पाहून अभियंत्याला समोर जाणकार माणूस आहे असे वाटते. पूर्ण पत्ता, पद आणि "आमच्याविषयी कोठून कळले" हे काढून टाका.

मिलिसेकंद

वेगाचा मुद्दा कोणी काढलेला नाही, म्हणून लिहितो. जुने संकेतस्थळ कुरूप असले तरी ते मजकूर आणि कोष्टकांचे होते, म्हणजे हलके असणार. नवे संकेतस्थळ मोठ्या छायाचित्रांचे आहे. कार्यशाळेच्या पत्र्याच्या छपराखाली, क्षीण नेटवर्कवर ते उघडायला किती वेळ लागतो, हे कार्यालयातील जोडणीवरून कळत नाही.

गूगलचे तीन मापदंड सध्या असे आहेत: पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला किंवा क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा आणि पान उघडताना घटकांच्या जागा हलण्याचा गुणांक ०.१ च्या वर जाऊ नये. यांतील दुसऱ्या मापदंडाने मार्च २०२४ मध्ये जुन्या "पहिल्या प्रतिसादाच्या विलंबा"ची जागा घेतली, त्यामुळे त्याआधीचे लेख वाचत असाल तर सावध राहा. हे आकडे ७५ व्या शतमानाला पाहिले जातात, म्हणजे दर चार भेटींपैकी तीन भेटींत अनुभव त्या मर्यादेत असावा लागतो. लहान संकेतस्थळांना पुरेशा भेटी नसल्यामुळे गूगलकडे त्यांची प्रत्यक्ष वापराची आकडेवारी बहुधा नसते; अशा वेळी एक साधा, दोन-तीन वर्षे वापरलेला फोन घेऊन स्वतः तपासणे हाच प्रामाणिक मार्ग.

स्लायडर ठेवणारच असाल तर पहिल्या चित्राला "लेझी लोडिंग" (चित्र पडद्यावर येण्याच्या वेळीच मागवणे) लागलेले नाही ना, ते पाहा. अनेक थीम आणि प्लगइन ते सरसकट सर्व चित्रांना लावतात, आणि मग ज्या चित्राची सर्वांत आधी गरज आहे तेच सर्वांत उशिरा मागवले जाते. चित्रे वेबपी किंवा एव्हीआयएफ या कमी आकाराच्या फाइल-स्वरूपात द्या आणि प्रत्येकाची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये लिहा, म्हणजे पान उघडताना मजकूर खाली ढकलला जाणार नाही. आणखी एक: हल्ली देखणेपणासाठी फिकट राखाडी अक्षरे वापरण्याची पद्धत पडली आहे. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीनुसार साध्या आकाराच्या मजकुराचे पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे लागते, आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसाला तेवढेही पुरत नाही.

मात्र चौकश्या निम्म्याहून अधिक घटण्याचे मुख्य कारण वेग असेल, असे मला वाटत नाही. साठाची बारा पाने, हेच कारण असावे.

पायरी

एवढा तर्क करण्यापेक्षा सरळ ए/बी चाचणी का घेऊ नये? अर्ध्या लोकांना सध्याचे मुखपृष्ठ आणि अर्ध्यांना तळटीप यांनी सुचवले तसे मुखपृष्ठ दाखवावे. आकडेच काय ते सांगतील, आणि क्लायंटलाही पटेल.

रेघोटी

पायरी, तुमचा हेतू योग्य आहे. परंतु एवढ्या संकेतस्थळावर आकडे बोलायला फार वेळ लावतील. चौकशीचे प्रमाण २ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर गेले की नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगण्यासाठी, नेहमीच्या ढोबळ सूत्रानुसार, प्रत्येक गटात सुमारे १४,००० भेटी लागतात. दोन्ही गट मिळून २८,००० झाल्या. महिन्याला दीड हजार लोक येत असतील, तर ही चाचणी दीड वर्षाहून अधिक काळ चालवावी लागेल. मध्येच थांबवून "नवे पान जिंकले" असे जाहीर करणारे अनेक जण मी पाहिले आहेत. तसे करणे म्हणजे नाणे चार वेळा उडवून त्याचा स्वभाव सांगणे आहे.

एवढ्या लहान संकेतस्थळासाठी पाच माणसांची चाचणी अधिक उपयोगी. या क्षेत्रातील पाच व्यक्तींना फोन हातात देऊन "तुमच्या कारखान्यातील अमुक बनावटीचा पंप आवाज करत आहे, हे लोक तो दुरुस्त करतात का ते शोधा" एवढेच सांगा आणि गप्प बसा. नील्सन यांचा २००० मधील हिशेब असा होता की, एखादी अडचण एका व्यक्तीला आढळण्याची शक्यता ३१ टक्के धरली, तर पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. ते ३१ टक्के प्रत्येक ठिकाणी खरे ठरत नाहीत, पण पाच जण एकाच जागी अडखळलेले पाहिल्यावर सांख्यिकीची फारशी आवश्यकता राहत नाही. गप्प बसणे मात्र कठीण आहे. आपणच केलेल्या मेनूत माणूस चुकताना पाहून बोट पुढे जाते.

शर्तनामा

क्लायंटला काय सांगावे, हा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे. जुने संकेतस्थळ जसेच्या तसे परत लावू नका. पत्ते पुन्हा एकदा बदलतील आणि सर्च इंजिनपुढे गोंधळाचा दुसरा अंक सुरू होईल. मालकांना भेटून, काय तपासले आणि काय आढळले हे दोन पानांत लिहून द्या. रीडायरेक्ट राहिले असतील तर ती तुमची चूक आहे. ती मान्य करून विनामोबदला दुरुस्त करा. नव्याने मजकूर लिहिणे हे मात्र वेगळे काम आहे, त्याचा मोबदला मागण्यात संकोच नसावा. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत आणि याच क्रमाने सांगितल्या, तर दुसरी ऐकून घेतली जाते.

जुन्या पानांची प्रत जपून ठेवली नसेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्यांतील बरीच पाने सापडतील.

पुढील कामांच्या करारात, जुन्या संकेतस्थळावरील प्रत्येक पानाची यादी, त्यावर येणाऱ्या लोकांची संख्या आणि त्याचे पुढे काय करायचे हा निर्णय, एवढे दस्तऐवज पहिल्या टप्प्यातच घाला आणि त्याचे पैसे लावा. संकेतस्थळ सुरू झाल्यानंतरच्या तीन महिन्यांची देखरेखही त्यातच लिहा. संकेतस्थळ सुरू झाल्याच्या दिवशी आपण शेवटचे देयक पाठवून मोकळे होतो, आणि खरे तर त्या दिवसापासून माहिती मिळायला लागलेली असते. डोमेन, अॅनालिटिक्स आणि सर्च कन्सोल यांची खाती क्लायंटच्या नावावर असावीत, हेही लेखी असू द्या.

कोरापान

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे तपास केला, त्यातून जे आढळले ते लिहितो.

नोइंडेक्स नव्हते. मात्र जुन्या पत्त्यांपैकी एकेचाळीस पत्ते ४०४ देत होते आणि उरलेले मी मुखपृष्ठाकडे वळवून टाकले होते. पानवार तुलना केल्यावर दिसले की, जुन्या संकेतस्थळावर शोधातून येणारे निम्म्याहून अधिक लोक अवघ्या सात पानांवर येत होते आणि त्या सातांपैकी एकही पान मी ठेवले नव्हते. त्यांतील एक पान "पंपातून खडे घोळवल्यासारखा आवाज येणे" याविषयी होते. शोषणाच्या बाजूला दाब कमी पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, हे मालकांनी स्वतः नऊ वर्षांपूर्वी साध्या शब्दांत लिहिले होते. दुसरे कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर तेल येण्याविषयी होते. मला ती पाने पाठ्यपुस्तकी वाटली आणि मी ती काढून टाकली.

दूरध्वनीच्या वहीत दोन आठवड्यांत एकतीस नोंदी झाल्या. त्यांतील एकोणीस ग्राहकांचे पहिलेच वाक्य यंत्राची बनावट सांगून "हे तुम्ही करता का?" असे होते. माझ्या मुखपृष्ठावर एकाही बनावटीचे नाव नाही. पाच व्यक्तींच्या चाचणीसाठी मला तिघेच मिळाले. तिघांनीही दूरध्वनी क्रमांक शोधण्यासाठी मेनू उघडला, त्यातून संपर्काचे पान उघडले आणि तेथे क्रमांक चित्राच्या स्वरूपात असल्यामुळे तो स्पर्शाने लावता आला नाही. ही शेवटची गोष्ट लिहिताना मला लाज वाटते.

मालकांना दोन पाने दिली. रीडायरेक्ट मी विनामोबदला लावले, क्रमांक प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला आणला आणि त्यावरील स्पर्शांची मोजणीही सुरू केली. स्लायडरच्या जागी आता एकच छायाचित्र, बनावटींची यादी आणि दोन वाक्ये आहेत. नऊ पाने नव्याने लिहिण्याचे काम मालकांनी मोबदल्यासह मान्य केले, कच्चा मजकूर तेच सांगणार आहेत. गेल्या आठवड्यात आठ चौकश्या आल्या. एका आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये, एवढे या धाग्यात शिकलो.

एक अडचण उरली आहे. जुन्या पानांपैकी पाच पाने अशा यंत्रांची आहेत, ज्यांची दुरुस्ती क्लायंट आता करत नाही. त्यांवर अजूनही लोक येतात. ती कुठे वळवावीत?

रेघोटी

कुठेही वळवू नका. ज्या पानांवर अजून लोक येतात, ती छोट्या स्वरूपात परत लावा: हे काम आम्ही आता करत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि त्याच गटातील जे करता त्याचा दुवा खाली द्या. ज्यांवर कोणी येत नाही, त्यांना ४१० द्या, म्हणजे पान कायमचे काढले आहे हे सर्च इंजिनला स्पष्ट कळते. आणि चाचणीसाठी उरलेली दोन माणसे नवी पाने तयार झाल्यावर वापरा, आत्ता खर्ची घालू नका.